तुमचे प्रश्न : वादळ गेलं, भांडणं राहिली

2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ आलं आलं म्हणून सगळीकडे बोंब झाली, ते आपल्या कोकणात न येता समुद्रातूनच वर सरकलं आणि 15 तारखेला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं. पण त्या आठवड्यात आमच्याकडे जी पत्रं आणि मेसेज आले ना, त्यातली निम्मी बिपरजॉयबद्दल नव्हतीच, ती होती 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाबद्दल. तीन वर्षं झाली तरी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड इकडच्या लोकांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही, आणि खरं सांगू का, घरांवर पत्रे चढले, पोल उभे राहिले, त्या बाजूने आता बरंचसं ठीक आहे, जे बिघडलंय ते माणसामाणसांत बिघडलंय. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले. नावं, गावं काढून टाकलीत, कारण आपल्याकडे नुसतं आळीचं नाव छापलं तरी कोण ते कळतं.

प्रश्न : ताई, आमची बारा गुंठे वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, सामाईक आहे, सातबारावर सात नावं. वादळ झालं तेव्हा आम्ही लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेलो. थोरल्या दिरांनी पंचनामा करून घेतला, आमच्याकडून संमतीपत्रं व्हॉट्सॲपवर मागवली, पैसे त्यांच्या खात्यात आले. आमच्या अंदाजाने दीडशे पोफळी (सुपारीची झाडं) आणि वीस माड पडले. हिशोब विचारला तर भाऊजी भडकले की तेव्हा कोण आलं होतं का मदतीला. तेव्हापासून बोलणं बंद. गणपतीला एकाच घरात दोन चुली मांडतो, सगळा गाव बघतो. आता नवीन लागवड करायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणे. काय करू?

उत्तर : आधी पैशाचं बघू, कारण भांडण पैशावरून आहे असं तुम्हाला वाटतंय. सुरुवातीला बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर झाले होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला मोठं वाटतं पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, मग बारा गुंठ्यांना आले सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे वाड्या गुंठ्यांतच मोजायच्या, एका गुंठ्यात झाडांची नुसती दाटी, म्हणून लोकांनी ओरड केली आणि ऑगस्ट 2020 मध्ये झाडामागे द्यायचं ठरलं, सुपारीला 50 रुपये आणि नारळाला 250. आता तुमचेच आकडे धरा. दीडशे पोफळींचे साडेसात हजार, वीस माडांचे पाच हजार, झाले साडेबारा हजार. सात नावांत वाटले तर माणशी अठराशेसुद्धा येत नाहीत! अठराशे रुपयांसाठी कुणी तीन वर्षं दोन चुली मांडत नाही हो.

भांडण वेगळंच आहे. भाऊजींना वाटतंय की आडवी झालेली वाडी मी एकट्याने उपसली, महिना-महिना लाइट नव्हती, पंप बंद, विहिरीचं पाणी हाताने ओढलं, कटरवाला मिळत नव्हता आणि मिळाला तर तोंडाला येईल तो भाव सांगत होता, आणि यांनी फोन केला तो पैसे किती आले विचारायला. तुम्हाला वाटतंय की आमचीही वाडी होती, आम्हीही तिकडे दहा बाय दहाच्या खोलीत रडत होतो, मोबाइलचे टॉवर पडलेले म्हणून चार दिवस घर उभं आहे का हेही कळत नव्हतं, आणि आम्हाला धरलं फक्त सहीपुरतं. दोघांचंही खरं आहे. मिळालेले पैसे सफाईच्या मजुरीलाही पुरले नसणार, हे वाडी असलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा "पैसे कुठे गेले" हा प्रश्न कायमचा सोडून द्या आणि "तुमचा खर्च किती झाला" हे विचारा. फोनवर नको, आणि फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे पुतणे अंगठे दाखवत बसतात आणि आग वाढते. मिस्टरांना एकटं पाठवा, गणपतीच्या आधी, घरात इतर पाहुणे नसताना. कागदावर लिहून काढा, कटर, गडी, गाडी, कौलं, सगळं. उलट तुमच्याकडूनच द्यायचं निघालं तर देऊन टाका, बरंच होईल.

मग कागदपत्रांचं. रोजगार हमीतून पुन्हा लागवडीसाठी अनुदान आहे, त्याला जॉब कार्ड लागतं आणि सामाईक जमीन असेल तर बाकीच्यांची संमती लागतेच, ते काही चुकत नाही, कृषी सहायकांना भेटून यंदाचे नियम विचारून घ्या. वाटणी करायचीच असेल तर सगळे राजी असताना महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण ते नंतर. तोवर एक काम कराच, 2021 पासून ई-पीक पाहणीचं ॲप आलंय, त्यात वाडीतली झाडं फोटोसकट नोंदवून ठेवा. निसर्गच्या वेळी किती झाडं होती हे तोंडी सांगावं लागलं, शेजाऱ्याने दोनशे सांगितली म्हणून आपण तीनशे, आणि त्यातूनच निम्मी भावकी फुटली.

प्रश्न : माझी मुलगी वादळाच्या वेळी सहा वर्षांची होती. आमचे पत्रे तिच्या डोळ्यांसमोर उडाले, आम्ही तिला घेऊन पलंगाखाली बसलेलो. आता नऊची आहे, अभ्यासात चांगली आहे, पण जरा वारा सुटला की पलंगाखाली जाते, बाहेर येत नाही. या महिन्यात बिपरजॉयच्या बातम्यांनी तर दोन रात्री झोपली नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट काढा, हे म्हणतात नाटकं आहेत. मला काहीच सुचत नाही.

उत्तर : नाटकं नाहीत. तुमच्या मिस्टरांना विचारा, वारा सुटला की तेही पहिले वर पत्र्याकडे बघतात की नाही? सगळी किनारपट्टी बघते. मोठी माणसं नजरेने घाबरतात, मुलं अंगाने घाबरतात, एवढाच फरक. आणि पलंगाखाली गेल्यावर ती वाचली होती, तिच्या दृष्टीने ती शहाणपणाच करतेय.

तिला ओढून बाहेर काढू नका, "एवढी मोठी झालीस" हे वाक्य घरात बंद करा. तुम्हीच खाली वाकून तिच्याशी बोला. तिला त्या दिवशी काय झालं ते नीट सांगा, कारण सहा वर्षांच्या मुलीला फक्त आवाज आठवतो, त्याचं कारण कुणी सांगितलेलं नसतं. दुपारी वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता, आधी एका अंगाने आला, मध्ये काही ठिकाणी जरा थांबल्यासारखं झालं आणि मग उलट्या अंगाने आला, कारण वादळ गोल फिरतं आणि आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेलो असतो. पहिल्या वाऱ्यात तग धरलेली झाडं दुसऱ्यात गेली ती त्यामुळेच. नऊ वर्षांच्या मुलीला हे चित्र काढून समजतं, आणि समजलेल्या गोष्टीची भीती जरा तरी कमी होते.

मग बिपरजॉय आणि निसर्ग यातला फरक दाखवा. निसर्ग 31 मेला कमी दाबाचा पट्टा होता आणि 3 जूनला दारात उभा, आपल्याला वेळच मिळाला नाही. हे बिपरजॉय 6 तारखेपासून समुद्रात रेंगाळत होतं आणि आपल्यापासून लांबून गेलं. तिच्या मोबाइलवर, म्हणजे तुमच्या, हवामान खात्याचा नकाशा उघडा आणि तिलाच बघायला लावा की वादळ कुठे आहे. व्हॉट्सॲपवरचे भलत्याच देशातल्या वादळाचे व्हिडिओ घरात बंद, सासूबाईंच्या फोनवरचे पण. आणि तिला एक काम द्या, वारा सुटला की बॅटरी आणि मेणबत्त्या काढून ठेवायचं काम तिचं, रेनकोट आणि कागदपत्रांची पिशवी कुठे आहे ते तिने सांगायचं. हाताला काम असलं की माणूस पलंगाखाली कमी जातो.

दृष्ट काढायची तर काढू द्या की सासूबाईंना! मीठमोहऱ्या ओवाळताना आजी दोन मिनिटं पूर्ण लक्ष देते, त्याने पोरीचं काही बिघडत नाही. फक्त त्यावर थांबू नका. झोप उडणं, शाळेत न जाणं, अंथरूण ओलं होणं असं काही महिनाभर चाललं तर 14416 वर फोन करा, टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही, रायगडचं ते अलिबागला, मानसोपचाराचे डॉक्टर असतात. गावात कुणाला सांगायची गरज नाही, तुम्ही अलिबागला कशाला गेलात याची चौकशी करणारे खूप असतात, त्यांना डोळे तपासायला गेलेलो म्हणून सांगा.

प्रश्न : वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. वाडी त्यांनी चाळीस वर्षं जपली, निसर्गमध्ये ऐंशी टक्के गेली. तेव्हापासून वाडीत पाऊल टाकत नाहीत, पडवीत बसून असतात. मी म्हणतो नवीन रोपं लावू तर म्हणतात पोफळ धरेपर्यंत मी असेन का. मी पुण्यात नोकरीला. रिसॉर्टवाला एक माणूस सारखा फोन करतोय, भाव चांगला देतो. विकून टाकावी आणि बाबांना पुण्याला आणावं असं बायको म्हणते. आईचं मत कोणी विचारत नाही पण तिला जायचं नाहीये.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आईचं मत विचारा. वाडीत झाडलोट, शिपणं, सुपारी वाळवणं, सोलणं यातलं किती काम तिने केलंय ते आठवा, पंचनाम्यात नाव वडिलांचं होतं इतकंच.

बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे. सुपारीला फळ धरायला पाच ते सात वर्षं, आपल्या उंच जातीच्या नारळाला तितकीच, कधी जास्त, आणि भरात यायला त्याहून पुढे. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना "रोपं लावू" म्हणणं म्हणजे तुमच्या मरणानंतरचं बोलू असं ऐकू येतं. म्हणून सुपारीपासून सुरुवात करू नका, केळीपासून करा. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये, शेतीचं गणितच तसं आहे. पोफळीच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते, पूर्वी ती माडांची आणि जुन्या पोफळींची मिळायची, वादळाने वरचं छप्परच काढून नेलं आणि 2020-21 मध्ये उत्साहाने लावलेली किती तरी रोपं उन्हाने करपली, काही ठिकाणी उभ्या राहिलेल्या झाडांची खोडं पण पश्चिमेच्या उन्हाने भाजली. आधी केळी लावली की सावली होते आणि वर्ष-सव्वा वर्षात घड येतो. सोबत सुरण, हळद, अननस. घड बाबांच्या डोळ्यांसमोर उतरेल. मग केळीच्या मध्ये पोफळीची रोपं, दोन झाडांत पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर, घाईने दाटीवाटी करायची नाही. श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे आधी जाऊन नंबर लावा. आणि बाबांना घेऊन जा. झाडाला हात लावा म्हणून नका सांगू, "मला रोपातलं काही कळत नाही, तुम्ही निवडा" म्हणा, जे बहुतेक खरंच असेल.

विकण्याबद्दल. मी विकू नका असं म्हणणार नाही, पुण्यात बसून वाडी होत नाही हे मलाही कळतं, आणि गडीमाणूस मिळत नाही हेही. पण जो माणूस वादळानंतरच सारखे फोन करतोय तो भाव वाडीचा देत नाहीये, तुमच्या दमलेपणाचा देतोय. जमीन शेतीची, घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीचं लचांड वेगळंच, ते स्वतः वकिलाला विचारल्याशिवाय इसार घेऊ नका. निदान एक केळीचा घड उतरेपर्यंत थांबा आणि तोवर ते फोन बाबांसमोर उचलू नका. बाबा जेवत नसतील, रात्र-रात्र जागत असतील किंवा "आता कशाला जगायचं" असं एकदा जरी बोलले असतील तर मात्र केळी-बिळी राहू दे, आधी डॉक्टर. वर दिलाय तोच नंबर.

प्रश्न : मी गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. निसर्गच्या वेळी आम्ही वर्गणी काढून ताडपत्र्या, पत्रे, मेणबत्त्या, धान्य पाठवलं. गावातल्या कमिटीने वाटलं. एक रुपया खाल्ला नाही, तरी आजही गावात गेलो की कुणीतरी टोमणा मारतोच, अमक्याला दोन ताडपत्र्या मिळाल्या, आम्हाला एक पण नाही. पुढच्या वेळी कुणी मदत करणार नाही अशाने. लोकांना कसं समजवायचं?

उत्तर : समजवायला जाऊ नका, यादी लावा. तीन वर्षांनी सुद्धा लावा. किती जमले, काय घेतलं, कुणाला दिलं, नावासकट, देवळाच्या भिंतीवर. त्यात चुका निघतील, एक-दोन घरं खरोखर राहिलेली निघतील, निघू देत. गावकीच्या मीटिंगमध्ये कमिटीतल्यांनी ते वाचून दाखवावं आणि कुणी ओरडलं तर मध्ये बोलू नये. वाटप करणारे सगळे एकाच आळीतले होते का, हे आधी तपासा. मला पत्र न वाचताच वाटलं होतं, आणि तुम्ही जोडलेल्या कागदावर सहापैकी पाच आडनावं एकच आहेत!

अजून एक, थोडं टोचणारं. वाटप कशावरून केलंत? बऱ्याच गावांत पंचनाम्याची यादी समोर ठेवून केलं, म्हणजे ज्याच्या नावावर घर किंवा जमीन तो यादीत. मग माडा-पोफळींवर चढणारे पाडेली, सुपारी सोलणाऱ्या बायका, कातकरी वाडीतली माणसं, यांचं काय? त्यांच्या नावावर झाड नव्हतं पण पोट त्याच झाडांवर होतं. बागायतदाराला झाडामागे 50 रुपये तरी मिळाले, चढणाऱ्याला चढायला झाडच राहिलं नाही आणि त्याचा पंचनामा कुठल्याही तलाठ्याने केला नाही, तसा कॉलमच नाही त्या फॉर्मला. टोमणे मारतात ते बहुतेक खात्यापित्या घरचेच असतात, ज्यांना खरंच काही मिळालं नाही ते तुमच्याशी बोलायला येत नाहीत. मंडळाकडे पैसे शिल्लक असतील तर त्या घरांकडे स्वतः जा.

आणि पुढच्या वेळी मेणबत्त्या, बिस्किटं, जुने कपडे पाठवू नका हो, कपड्यांचे ढीग किती तरी शाळांच्या व्हरांड्यात पावसात कुजले. दोन चांगले चेन-कटर, एक जनरेटर, दोर आणि सोलर दिवे आत्ताच घेऊन गावात ठेवा, चालवायला चार पोरांना शिकवा. पहिल्या आठवड्यात रस्त्यावरचं झाड काढणं हीच सगळ्यात मोठी मदत असते.

प्रश्न : वादळात शेजाऱ्याचा माड आमचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) पाडून आमच्या हद्दीत पडला. तो म्हणतो तुमच्या जागेत आहे तुम्ही काढा, आम्ही म्हणतो झाड तुमचं तुम्ही काढा. तीन वर्षं खोड तिथेच आहे. कायदा कुणाच्या बाजूने?

उत्तर : कायद्याचं नंतर बघू, आत्ता ते खोड गेंड्या भुंग्याच्या बाजूने आहे. कुजलेल्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात हा भुंगा अंडी घालतो, आणि मोठा झाला की नवीन लावलेल्या माडांचा कोंब पोखरतो, झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या निघतात. बघा बरं तुमच्या रोपांकडे, आणि शेजाऱ्याच्या पण, भुंग्याला हद्द कळत नाही. तीन वर्षांत खोड भुसभुशीत झालं असेल, कटरसुद्धा लागणार नाही, दोन घरचे दोन गडी आणि पहारी घेऊन एका सकाळचं काम आहे. गडग्याचे चिरे रचायचा खर्च अर्धा-अर्धा करा. खोड फोडताना पांढऱ्या जाड अळ्या निघतील त्या मारून टाका, किंवा कोंबड्या असतील तर त्यांना घाला, आवडीने खातात.